बोल्ट्झमन यांचं समीकरण

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच आहे, तेव्हा चुका पोटात घाला. पण या माणसाबद्दल मला घरच्या भाषेतच लिहायचं होतं.

माझा प्रोजेक्ट ताण दिलेल्या सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर आहे. स्फटिक योग्य दिशेनं ताणला की इलेक्ट्रॉन हलके झाल्यासारखे वागतात, कमी अडखळतात आणि करंट वाढतो. २००३ साली ९० नॅनोमीटरच्या चिप्समध्ये ही युक्ती बाजारात आली. हे सगळं कॉम्प्युटरवर मांडायला बसलं, की लुडविग बोल्ट्झमन यांचं समीकरण समोर येतंच.

बोल्ट्झमन यांचा जन्म १८४४ सालचा, व्हिएन्नाचा. पंधराव्या वर्षी वडील गेले, आणि पंचविसाव्या वर्षी ते ग्राझला प्रोफेसर झाले! १८७२ मध्ये त्यांनी हे समीकरण लिहिलं, तेही वायूच्या रेणूंसाठी. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून २५ वर्षं होती. कल्पना साधीच. एकेका कणाच्या मागे धावायचं नाही. कुठे, कुठल्या वेगाचे किती कण आहेत ते बघायचं, आणि बाहेरचं बल व टकरी यांमुळे तो हिशोब कसा बदलतो ते मांडायचं. ट्रान्झिस्टर फारच छोटा झाला, की इलेक्ट्रॉनचं लहरीसारखं वागणं यात बसत नाही. तरी सुरुवात इथूनच होते.

पण तेव्हा माख, ऑस्टवाल्ड यांच्यासारखी मोठी माणसं अणू मानायलाच तयार नव्हती. बोल्ट्झमन वर्षानुवर्षं वाद घालत राहिले. ५ सप्टेंबर १९०६ रोजी, सुट्टीसाठी बायको-मुलीबरोबर दुइनोला गेले असताना, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्याआधीच्याच वर्षी आइनस्टाइन यांचा ब्राउनियन गतीवरचा पेपर आला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत पेरँ यांच्या प्रयोगांनी अणू सिद्ध केले, आणि ऑस्टवाल्ड यांनीही ते मान्य केलं.

विरोधकांनी त्यांचा जीव घेतला असं सांगायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांना नैराश्याचा जुना आजार होता, आणि तेव्हा त्यावर नीट उपचारच नव्हते. आज आहेत. म्हणून, हॉस्टेलवर कोणी जेवायला यायचं बंद झालं, बोलेनासं झालं, तर अभ्यासाचं टेन्शन असेल म्हणून सोडून देऊ नका. दार वाजवा.

माझं सिम्युलेशन अजून चुकीचंच उत्तर देतंय. पण रात्री दोन वाजता लॅबमध्ये आता एकटं वाटत नाही.