सायकलप्रवासाचे गुरुजी : पॉल द व्हिवी ऊर्फ वेलोसिओ



फ्रान्स आणि सायकल म्हटले की बहुतेकांना 'तूर द फ्रान्स' ही शर्यत आठवते. 1903 मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत स्पर्धक टप्प्याटप्प्याने सारा देश पालथा घालतात. परंतु ही शर्यत सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून एक गृहस्थ तिथल्याच रस्त्यांवरून टप्प्याटप्प्याने सायकलवर फिरत होते. त्यांना कोणाला हरवायचे नव्हते. गावे पाहायची, घाट चढायचे, माणसांना भेटायचे आणि घरी परतून सारे लिहून काढायचे, एवढाच त्यांचा हेतू असे. त्यांचे नाव पॉल द व्हिवी. 'वेलोसिओ' या टोपणनावानेच ते अधिक ओळखले जातात. आपल्याकडे त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, पण फ्रान्समध्ये त्यांना सायकलप्रवासाचे जनक मानतात. शाळेच्या या अंकात त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हांला वाटले.

त्यांचा जन्म 29 एप्रिल 1853 रोजी दक्षिण फ्रान्समधील पेर्न या छोट्या गावी झाला. हा भाग प्रोव्हान्स म्हणून प्रसिद्ध आहे. भरपूर ऊन, द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडे आणि दगडी घरांची जुनी गावे असा तो प्रदेश. जवळच मों व्हाँतू हा 1900 मीटरहून उंच, माथ्यावर उघडाबोडका असलेला डोंगर उभा आहे. पुढे याच डोंगरावर व्हिवी सायकलने चढले आणि मित्रांनाही घेऊन गेले. मोठेपणी ते रेशमाच्या व्यापारात शिरले व त्यात स्थिरावले. वाचनाची गोडी होतीच. लॅटिन व ग्रीक भाषेतील जुने ग्रंथ ते आवडीने वाचत, आणि ही सवय त्यांनी उतारवयातही सोडली नाही.

1881 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढे उंच चाक आणि मागे एक लहानसे चाक. बसायची जागा पुढच्या चाकावर. वाटेत दगड आला की स्वार सरळ डोक्यावर आपटायचा. सायकल हे धाडसी तरुणांचे खूळ समजले जाई. व्हिवींना मात्र तिचे वेडच लागले. इंग्लंडमधील कोव्हेंट्री हे शहर सायकलींच्या कारखान्यांसाठी नावाजलेले होते. तिथे जाऊन त्यांनी नव्या प्रकारच्या सायकली पाहिल्या आणि फ्रान्समध्ये आणल्या.

1887 मध्ये त्यांनी एक मोठा निर्णय घेतला. चालता रेशीम धंदा सोडून त्यांनी सेंत-एतियेन शहरात सायकलींचे दुकान काढले आणि त्याच वर्षी एक मासिकही सुरू केले. ते पुढे 'ल सिक्लिस्त', म्हणजे 'सायकलस्वार', या नावाने गाजले. तेव्हा त्यांचे वय 34 वर्षांचे होते. या वयात जमलेला धंदा सोडायचा आणि ज्याला लोक खेळणे समजतात त्याच्यामागे लागायचे, हे सोपे नव्हते. सायकलींतून त्यांनी मोठी दौलत जमवली असेही नाही. पण हे मासिक त्यांनी मरेपर्यंत चालवले आणि त्यांच्यामागेही ते अनेक दशके निघत राहिले.

सेंत-एतियेन हे कोळशाच्या खाणींचे, बंदुकांच्या कारखान्यांचे आणि रेशमी फितींचे शहर. लोखंडकामात तरबेज असे कारागीर तिथे घरोघरी होते. शहराला लागूनच पिला नावाचा डोंगराळ मुलूख आहे. दक्षिणेकडे जायचे तर 1161 मीटर उंचीचा 'कॉल द ला रेप्युब्लिक' हा घाट ओलांडावा लागतो. शहरातून निघाल्यावर सुमारे 13 किलोमीटरची सलग चढण आहे. कुशल कारागीर शेजारी आणि चढण दाराशी, असा योग जुळून आला. व्हिवींनी या घाटाची प्रयोगशाळा केली.

असे सांगतात की 1889 मध्ये ते हा घाट कष्टाने चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक वाचक मागून आला आणि आरामात पाइप ओढत त्यांच्या पुढे निघून गेला. दुसरा कोणी असता तर त्याला राग आला असता. व्हिवी मात्र विचार करू लागले. तो काही आपल्यापेक्षा दुप्पट बलवान नाही. मग फरक कशात आहे? फरक होता दातेरी चक्रात.

येथे थोडे गणित समजून घेऊ. सायकलीच्या पायडलपाशी एक मोठे दातेरी चक्र असते आणि मागच्या चाकाला एक लहान. दोन्ही साखळीने जोडलेली असतात. समजा, पुढे 44 दाते आणि मागे 11 दाते आहेत. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक 4 वेळा फिरेल. चाकाचा परीघ सुमारे 2 मीटर धरला, तर एका फेरीत सायकल 8 मीटर पुढे जाईल. सपाट रस्त्यावर हे छानच, पण चढणीवर पाय उचलता उचलत नाही. आता मागे 22 दात्यांचे चक्र लावले तर चाक फक्त 2 वेळा फिरेल आणि सायकल 4 मीटर जाईल. फेऱ्या दुप्पट माराव्या लागतील, पण प्रत्येक फेरीला जोर निम्माच लागेल. डोंगर चढण्याचे एकूण काम तेवढेच राहते, फक्त पायांना झेपेल अशा लहान लहान हप्त्यांत ते वाटले जाते. विज्ञानाच्या तासाला तरफ आणि कप्पी शिकताना हेच तत्त्व आपण पाहतो.

त्या काळी सायकलीला एकच गती असे. सपाटीसाठी ठेवलेले चक्र घाटात चालत नसे आणि घाटासाठीचे सपाटीवर. एकाच सायकलीला दोन, तीन, चार गती हव्यात, असे व्हिवींनी ठरवले. सुरुवातीला दोन चक्रे लावून, खाली उतरून साखळी हाताने हलवावी लागे. पुढे दोन साखळ्यांचे प्रयोग झाले. मग चालत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रे आली. आज आपण त्याला डिरेलर म्हणतो. हे सगळे एकट्या व्हिवींनी शोधले असे नाही. इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये अनेक कारागीर यामागे लागले होते. व्हिवींचे काम असे की प्रत्येक नवी युक्ती त्यांनी स्वतः घाटात चालवून पाहिली, तिचे गुणदोष मासिकात छापले आणि चांगली असेल तिचा हिरिरीने पुरस्कार केला.

यावरून मोठा वाद पेटला. शर्यतींच्या जगाला गिअर मुळीच पसंत नव्हता. 'तूर द फ्रान्स'चे चालक आंरी देग्रांज यांचे मत असे की गिअर हा म्हाताऱ्यांचा आणि दुबळ्यांचा आधार आहे. खऱ्या मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावे, यंत्राच्या युक्तीवर नव्हे. तरुणांनाही हे पटत असे, कारण गिअर वापरला तर चारचौघांत कमीपणा येईल ही भीती होती. व्हिवींनी आरडाओरड न करता वर्षानुवर्षे आकडे आणि अनुभव मांडले. 1902 मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने पिरेनीज पर्वतातील 2115 मीटर उंच तुर्माले घाटावर सायकलींची चाचणी घेतली. तीत मार्त एस नावाची महिला गिअर असलेल्या सायकलीवर, जमिनीला पाय न टेकवता घाट चढून गेली. एवढे होऊनही 'तूर द फ्रान्स'मध्ये डिरेलरला परवानगी मिळायला 1937 साल उजाडले. तोपर्यंत तेथील नामांकित स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढत, उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या चक्रावर साखळी चढवत. आज त्याच शर्यतीत गिअरशिवाय कोणी उभाही राहू शकणार नाही. आपले म्हणणे खरे ठरल्याचा तो दिवस पाहायला व्हिवी मात्र हयात नव्हते.

आता त्यांच्या प्रवासांकडे वळू. त्यांचा आवडता मार्ग म्हणजे सेंत-एतियेनहून प्रोव्हान्स, आपल्या जन्मभूमीकडे. पुष्कळदा ते रात्रीच निघत. घाट ओलांडला की बूर्ग-आर्जांताल, मग आनोने, आणि तेथून उतरत उतरत ऱ्होन नदीचे खोरे. पुढे नदीच्या काठाकाठाने व्हालाँस, बदामाच्या नुगा मिठाईसाठी प्रसिद्ध असलेले मोंतेलिमार, रोमन काळातील भव्य नाट्यगृह असलेले ओरांज आणि पोपच्या जुन्या राजवाड्याचे आव्हिन्यों. उत्तरेकडे डोंगर आणि थंडी, आणि दोनशे किलोमीटरवर बदामाची फुले. या खोऱ्यात मिस्त्राल नावाचा जोरदार वारा उत्तरेकडून वाहतो. जाताना तो पाठीवर हात ठेवून ढकलतो आणि परतताना तोंडावर मारा करतो. म्हणून परतीसाठी शक्ती राखून ठेवणे हा या मार्गाचा पहिला धडा. ईस्टरच्या सुट्टीत व्हिवी मित्रमंडळी घेऊन इकडे येत. प्रोव्हान्समधील ईस्टरचा सायकलस्वारांचा मेळा त्यातूनच रुजला.

लांबच्या प्रवासासाठी त्यांनी काही नियम घालून दिले. ते सात नियम फ्रान्समधील सायकलस्वारांना पाठ असतात. थोडक्यात त्यांचा आशय असा. थांबे थोडे आणि लहान ठेवावेत. भूक लागण्याआधी थोडे खावे आणि तहान लागण्याआधी पाणी प्यावे. जेवण जाणार नाही आणि झोप लागणार नाही इतके थकू नये. थंडी वाजण्याआधी अंगावर कपडा घ्यावा आणि उकडण्याआधी काढावा. प्रवासात तरी दारू, मांस आणि तंबाखूपासून दूर राहावे. पहिल्या काही तासांत अंगात जोर असतो तेव्हाच आवर घालावा. आणि शेवटचा नियम, केवळ दिमाख दाखवण्यासाठी कधीही पायडल मारू नये. ते स्वतः शाकाहारी होते. सर्व देशांच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून तयार केलेल्या एस्पेरांतो भाषेचेही ते पुरस्कर्ते होते.

त्यांच्याभोवती हळूहळू शिष्यांचा मेळा जमला. कारागीर, कारकून, दुकानदार, तरुण आणि प्रौढ असे सगळे. या मंडळींना लोक 'सेंत-एतियेनची शाळा' म्हणू लागले. या शाळेला इमारत नव्हती, फी नव्हती आणि घंटाही नव्हती. रस्ता हाच वर्ग आणि घाट हीच परीक्षा. 1922 पासून त्यांच्या सन्मानार्थ दरवर्षी 'वेलोसिओ दिन' भरू लागला. त्या दिवशी लहानथोर, स्त्रीपुरुष सारे सेंत-एतियेनहून निघून त्यांच्या आवडत्या घाटावर चढून जात. सत्तरी गाठलेले व्हिवी स्वतःही सायकल घेऊन निघत असत.

27 फेब्रुवारी 1930 रोजी सेंत-एतियेनच्या रस्त्यावर, सायकल हातात धरून चालत असताना, त्यांना ट्रामचा धक्का लागला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. तेव्हा ते 76 वर्षांचे होते. डोंगरदऱ्यांतून रात्री-अपरात्री हजारो किलोमीटर फिरलेला माणूस आपल्याच शहराच्या रस्त्यावर गेला. घाटमाथ्यावर आज त्यांचे स्मारक आहे. त्यांच्यानंतर सहाच वर्षांनी, 1936 मध्ये, फ्रान्समधील कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली, आणि असंख्य साधी कुटुंबे सायकलींवर सामान बांधून आपला देश पाहायला बाहेर पडली. वाट व्हिवींनी आधीच दाखवून ठेवली होती.

विद्यार्थी मित्रांनो, आमच्या मनाला त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट विशेष भिडते. चढणीवर लहान गिअर घेण्यात कमीपणा नाही, हे पटवण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. वर्गातही आम्ही हेच पाहतो. एखाद्याला गणिताची पायरी कळलेली नसते, पण पुन्हा विचारले तर मुले हसतील म्हणून तो गप्प बसतो. एखादीला मराठी वाचन सावकाश करावे लागते, कारण घरी-बाहेर हिंदीच कानावर पडते, म्हणून ती हातच वर करत नाही. मोठ्या चक्रावर अडून बसल्यासारखेच हे आहे. अशी मुले अर्ध्या घाटात सायकलवरून उतरतात, आणि दोष त्यांच्या पायांचा नसतो. सोपी पायरी मागा, ती पुन्हा पुन्हा चढा, हळू चला, पण पाय टेकवू नका.

पालकांनाही आमची विनंती आहे की शेजारच्या मुलाच्या वेगाशी आपल्या मुलाचा वेग जोडू नये. प्रत्येकाची चढण निराळी आणि पायांची ताकदही निराळी. घरात धूळ खात पडलेली सायकल असेल तर तिच्यात हवा भरा, ब्रेक तपासा, हेल्मेट घ्या आणि एखाद्या रविवारी सकाळी मुलांसोबत जवळच्या गावापर्यंत जाऊन या. पाणी सोबत न्या आणि तहान लागण्याआधी प्या. परतल्यावर काय पाहिले ते मुलांनी मराठीत एक पानभर लिहावे. चांगले लेख पुढील अंकात आनंदाने छापू.