जेकब वेनराइट

जेकब वेनराइट (मृत्यू: एप्रिल १८९२, उरांबो, आजचा टांझानिया) हे गुलामगिरीतून मुक्त झालेले आणि नाशिकजवळच्या शरणपूर येथे शिक्षण घेतलेले आफ्रिकी ख्रिस्ती गृहस्थ होते. स्कॉटिश संशोधक व मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या प्रवासात ते सहभागी होते. लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या तुकडीतील ते प्रमुख लेखनिक होत. या प्रवासाची त्यांनी लिहिलेली डायरी उपलब्ध आहे. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबेत १८ एप्रिल १८७४ रोजी झालेल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये ते एकमेव आफ्रिकी होते.

प्रारंभिक जीवन

वेनराइट यांचा जन्म पूर्व आफ्रिकेतील याओ समाजात झाला. बालपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांना पकडले. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक रोखण्यासाठी ब्रिटिश आरमाराची जहाजे गस्त घालीत असत. अशाच एका जहाजाने त्यांची सुटका केली. त्या काळी सुटका झालेल्या अनेक मुलांना मुंबई बंदरात उतरवले जाई आणि तेथून त्यांची रवानगी घरकामासाठी कुटुंबांकडे किंवा मिशनच्या शाळांकडे होई. वेनराइट यांना नाशिकला पाठवण्यात आले. बाप्तिस्म्याच्या वेळी अशा मुलांना इंग्रजी नावे देण्याची प्रथा होती. त्यामुळे मायबापांनी ठेवलेले नाव मागे पडले आणि जेकब वेनराइट हीच त्यांची ओळख बनली.

शरणपूर

चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिक शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. पुढे येथे मुक्त आफ्रिकी मुलामुलींसाठी आश्रम चालवला गेला. मुलांना धर्मशिक्षणासोबत लेखन-वाचन, इंग्रजी भाषा आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे व्यवसाय शिकवले जात. आफ्रिकेत परत जाऊन धर्मप्रसार व कारागिरी करणारे लोक घडवणे हा त्यामागील हेतू होता. येथून बाहेर पडलेल्या तरुणांना इंग्रजी लेखनात 'नाशिकची मुले' असे संबोधले जाई. ही मुले प्रौढ झाल्यावरही हे संबोधन बदलले नाही. शहरातील शरणपूर रस्ता या नावात या वसाहतीची खूण आजही टिकून आहे.

लिव्हिंगस्टन यांनी १८६५ मध्ये नाशिकला भेट देऊन आपल्या मोहिमेसाठी शरणपूरचे काही विद्यार्थी निवडले होते. या पहिल्या तुकडीविषयी त्यांनी आपल्या रोजनिशीत कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली आहे. तिच्यातील बहुतेक जण वाटेतच त्यांना सोडून गेले.

लिव्हिंगस्टन यांच्यासोबत

लिव्हिंगस्टन यांच्या शोधासाठी १८७२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मोहीम पाठवली. तीत सामील होण्यासाठी वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार आदी नाशिकचे तरुण झांझिबारला पोहोचले. तत्पूर्वीच हेन्री मॉर्टन स्टॅनली यांची लिव्हिंगस्टन यांच्याशी भेट झाल्याने ती मोहीम रद्द झाली. तेव्हा स्टॅनली यांनी झांझिबारहून पाठवलेल्या मदतीच्या तुकडीत या तरुणांचा समावेश करण्यात आला. ऑगस्ट १८७२ मध्ये ते उन्यान्येंबे येथे लिव्हिंगस्टन यांना जाऊन मिळाले.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले. मृतदेह त्यांच्या मायदेशी पोहोचवण्याचा निर्णय सहकाऱ्यांनी स्वतः घेतला. त्या वेळी त्यांना आदेश देणारा एकही युरोपीय तेथे उपस्थित नव्हता. जेम्स चुमा आणि अब्दुल्ला सुसी यांनी तुकडीचे नेतृत्व केले. हृदय व आतील अवयव एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वेनराइट यांनी वाचली आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टन यांचे नाव व तारीख कोरली. मृताच्या सामानाची यादीही त्यांनीच तयार केली. मृतदेह मीठ लावून उन्हात वाळवण्यात आला आणि कापड व झाडाच्या सालीत गुंडाळून तुकडी किनाऱ्याकडे निघाली.

ऑक्टोबर १८७३ मध्ये उन्यान्येंबे येथे तुकडीची गाठ व्हर्नी लव्हेट कॅमेरॉन यांच्या मोहिमेशी पडली. मृतदेह तेथेच पुरावा, असा सल्ला कॅमेरॉन यांनी दिला. तुकडीने तो मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ती बागामोयो बंदरात पोहोचली. तेथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मृतदेह ताब्यात घेतला आणि बहुतेकांना पगार देऊन निरोप दिला.

इंग्लंडमधील वास्तव्य

मृतदेहासोबत इंग्लंडला जाण्याची संधी केवळ वेनराइट यांना मिळाली. त्यांच्या प्रवासाचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने केला. चुमा आणि सुसी अंत्यविधी आटोपल्यानंतर इंग्लंडला पोहोचले. तुकडीचे नेते मागे राहिले आणि मिशनचा विद्यार्थी पुढे आला, या गोष्टीमुळे श्रेयाचा प्रश्न तेव्हापासूनच उपस्थित झाला. सोसायटीच्या सभांमध्ये वेनराइट यांना शरणपूरच्या कार्याचे फलित म्हणून सादर करण्यात आले.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तुकडीतील ६० जणांसाठी रौप्यपदके तयार करवली. परंतु तोवर बहुतेक जण विखुरले गेल्याने मोजक्यांनाच ती मिळाली. वेस्टमिन्स्टर ॲबेतील समाधीशिळेवर मृतदेह निष्ठावान हातांनी आणल्याचा उल्लेख आहे. मात्र त्या हातांपैकी एकाचेही नाव तिच्यावर नाही.

उत्तरायुष्य

वेनराइट पूर्व आफ्रिकेत परतले. याच सुमारास शरणपूरचा आफ्रिकी आश्रम बंद होऊन तेथील अनेक जण मोंबासाजवळ प्राइस यांनी १८७५ मध्ये वसवलेल्या फ्रिअर टाऊन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले. वेनराइट यांचे अखेरचे दिवस उरांबो येथे गेले. लंडन मिशनरी सोसायटीचे केंद्र असलेल्या या ठिकाणी एप्रिल १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

चर्च आणि वर्णभेद

ईश्वरापुढे सर्व माणसे समान आहेत, ही शिकवण देणाऱ्या मिशनच्या व्यवहारात वेतन, पद आणि निर्णयाचा अधिकार यांबाबत युरोपीय व आफ्रिकी असा भेद कायम होता. स्वतः गुलामगिरीतून मुक्त झालेले सॅम्युअल अजायी क्राउथर १८६४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत बिशप झाले, परंतु १८९० च्या सुमारास तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांचे अधिकार संपुष्टात आणले. शरणपूरचेच विद्यार्थी विल्यम जोन्स यांना १८८५ मध्ये डीकन आणि १८९५ मध्ये धर्मगुरू म्हणून दीक्षा मिळाली. राबाई येथे त्यांनी पळून आलेल्या गुलामांना आश्रय दिला. आफ्रिकी कार्यकर्त्यांना मिळणाऱ्या असमान वागणुकीच्या निषेधार्थ १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सोसायटीची सेवा सोडली. वेनराइट यांना लंडनमध्ये मिळालेला मान आणि नंतरचे विस्मरण या पार्श्वभूमीवर पाहिले जाते.

डायरी आणि वारसा

वेनराइट यांच्या डायरीचा जर्मन अनुवाद १८७४ मध्येच पेटरमान यांच्या भूगोलविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथील लिव्हिंगस्टन संग्रहालयात जतन केले असून २०१९ मध्ये ते इंटरनेटवर खुले करण्यात आले. लिव्हिंगस्टन यांच्या मृत्यूनंतरच्या प्रवासाचे आफ्रिकी सहप्रवाशाने स्वतःच्या हाताने लिहिलेले वर्णन म्हणून या डायरीला विशेष महत्त्व आहे. इतर सहप्रवाशांच्या आठवणी प्रामुख्याने युरोपीय संपादकांनी नोंदवल्यामुळे वाचकांपर्यंत पोहोचल्या. कोरीव अक्षरे असलेला झाडाच्या खोडाचा भाग रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात आहे. नाशिकच्या या तुकडीतील मॅथ्यू वेलिंग्टन यांचे १९३५ मध्ये मोंबासा येथे निधन झाले. लिव्हिंगस्टन यांच्या सहप्रवाशांपैकी ते अखेरचे हयात सदस्य मानले जातात.