पाते आणि मूठ
(किंग कॅम्प जिलेट यांचे चरित्र)

विद्यार्थी मित्रहो, आपल्या पांढुर्णा-सौसर भागात बहुतेकांच्या घरी शेती आहे. वखराची पास झिजली म्हणजे ती काढून दुसरी बसवतात, वखर मात्र तोच राहतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला, तर त्यात पाचर ठोकल्यावाचून कोणी शहाणा मनुष्य लाकडावर घाव घालीत नाही. आम्ही कोंकणी बोलणाऱ्या घरातले. आमच्याकडे विळीला आदोळी म्हणतात. तिचे पाते फळीत डगमगू लागले, की आई आम्हाला तिच्याजवळ फिरकू देत नसे. धारेच्या हत्याराची परीक्षा जितकी धारेत, तितकीच त्याच्या सांध्यात होते, हा धडा आम्ही तेथे प्रथम शिकलो.

या एका सांध्यासाठी ज्याने आयुष्याची अनेक वर्षे वेचली, अशा एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही सांगणार आहोत. त्याचे नाव किंग कॅम्प जिलेट. हे नाव तुम्ही दुकानातील पुडक्यावर वाचले असेल. परंतु ते एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

जिलेट यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात फाँ दु लाक या गावी झाला. पुढे हे कुटुंब शिकागो शहरी राहावयास गेले. वडिलांना नवनव्या युक्त्या शोधण्याचा नाद होता. आई फॅनी या मोठ्या उद्योगी. त्यांचे पाककृतींचे पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकेत घरोघरी वापरले गेले. १८७१ साली शिकागोला भीषण आग लागली व तीत वडिलांचा व्यवसाय भस्मसात झाला. किंग त्या वेळी सोळा वर्षांचे होते. शिक्षण सुटले आणि ते नोकरीस लागले. पुढे गावोगाव फिरून माल विकणारे विक्रेते म्हणून त्यांनी अनेक वर्षे काढली. प्रवासात सुद्धा त्यांच्या डोक्यात काही ना काही शोध घोळत असे. परंतु त्यांपैकी एकाही शोधाने त्यांना धन दिले नाही.

बाटलीला लावावयाचे पत्र्याचे बूच विल्यम पेंटर नावाच्या गृहस्थाने शोधून काढले होते. जिलेट त्यांच्याच कंपनीचे विक्रेते होते. हे बूच एकदा काढले की फेकून द्यावयाचे. एकदा वापरून टाकून देण्यासारखी वस्तू शोधावी, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते, असा सल्ला पेंटर यांनी त्यांना दिला. हा सल्ला जिलेट यांच्या मनात घर करून राहिला.

त्या काळी दाढी करणे हे मोठे जोखमीचे काम होते. लांब वस्तरा रोज चामड्याच्या पट्ट्यावर घासावा लागे आणि अधूनमधून जाणत्याकडून धार लावून आणावी लागे. हात चुकला तर जखम ठरलेली. मुठीला आडवे पाते व पुढे संरक्षक दाते, असा सुरक्षित वस्तरा १८८० च्या सुमारास काँफ बंधूंनी काढला होता. तथापि त्याचेही पाते जाड असे आणि त्यालाही वारंवार धार लावावी लागे. १८९५ साली एका सकाळी दाढी करावयास घेतलेला वस्तरा बोथट झालेला पाहून जिलेट यांना कल्पना सुचली. कापण्याचे काम करते ती केवळ कड; मग जाड पाते हवेच कशाला? पातळ पोलादी पत्र्याच्या दोन्ही कडांना धार लावावी, तो मुठीत पकडावा आणि बोथट झाला की टाकून द्यावा.

कल्पना एका क्षणात आली; ती हातात यावयास मात्र आठ वर्षे लागली. अडचणी दोन होत्या. पहिली पोलादाची. इतका पातळ पत्रा कठीण करताना तो वाकडातिकडा होई, आणि त्याला टिकाऊ धार लावता येणार नाही, असे जाणकारांनी स्पष्ट सांगितले. दुसरी अडचण सांध्याची. लवचीक पाते मुठीत असे बसले पाहिजे, की केसाच्या ताणाने ते तसूभरही हलू नये. आणि तरीही ते बदलणे कोणाही सामान्य माणसास सहज जमावे. घट्ट धरणे आणि सहज सोडणे हे दोन परस्परविरोधी गुण एकाच सांध्यात आणावयाचे होते.

आता हा सांधा कसा साधला ते लक्षपूर्वक पाहा. वस्तऱ्याचे तीन भाग केले: वरची टोपी, खालची दातेरी पट्टी आणि मूठ. टोपीच्या आतल्या बाजूस मध्यभागी आट्यांचा एक खिळा व त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक साधी खुंटी. पात्याला तीन भोके. पाते या तिन्हींवर बसले, की ते पुढेमागे सरकत नाही आणि फिरतही नाही. मग पट्टी लावून खालून मूठ पिळावयाची. मूठ पिळली जाते तसतशी टोपी खाली ओढली जाते आणि पाते दोहोंमध्ये दाबले जाऊन कमानीसारखे वाकते. सारे मर्म या वाकण्यात आहे. सपाट कागद हातात लुळा पडतो. पण तोच पन्हळीसारखा वाकवून धरा, तो ताठ उभा राहतो. सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीच्या त्या पात्याला जाडीने न मिळालेला ताठपणा बाकाने मिळाला. मूठ उलट फिरवली की पाते मोकळे. ना पाचर, ना हातोडी.

पोलादाचा प्रश्न सोडवणारा माणूस दुसराच होता. त्यांचे नाव विल्यम निकर्सन. हे शिकलेले अभियंता होते. जिलेट यांच्या कंपनीची स्थापना १९०१ साली झाली. पातळ पत्रा न वाकता कठीण करण्याची रीत आणि त्यास धार लावणारी यंत्रे निकर्सन यांनी परिश्रमाने सिद्ध केली. मूठ पुरेशी जड व भक्कम असल्याशिवाय धार आणि दाते यांमधील अंतर नेमके राखता येणार नाही, हेही त्यांनीच ओळखले. जगाने पुडक्यावरचा एकच चेहरा पाहिला. परंतु त्या चेहऱ्यामागे निकर्सन यांचे हात होते, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

१९०३ साली विक्री सुरू झाली. त्या वर्षी अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या कोणाचा धीर सुटला असता. परंतु पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, ९०,८८४ वस्तरे विकले गेले आणि १५ नोव्हेंबर रोजी एकस्वही मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख वस्तरे घेतले. युद्ध संपले तेव्हा लाखो तरुणांना स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय जडली होती.

असो. या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९४ साली, म्हणजे वस्तऱ्याची कल्पना सुचण्यापूर्वी, जिलेट यांनी एक पुस्तक लिहिले होते. माणसांमधील चढाओढ हेच दारिद्र्याचे मूळ आहे. नायगारा धबधब्याच्या शक्तीवर चालणारे एकच महानगर उभारावे व सर्वांनी मिळून श्रम करावे, असा त्यात विचार होता. चढाओढीचा निषेध करणारा हा पुरुष बाजारातील चढाओढीतच श्रीमंत झाला. त्यांचे स्वप्न पुस्तकातच राहिले आणि कंपनीचा कारभारही हळूहळू इतरांच्या हाती गेला. १९२१ साली एकस्वाची मुदत संपली. आता कोणीही त्या तीन भोकांची पाती करू शकत होता. पुढे भोकांच्या आकारावरून तंटे सुरू झाले, कारण सांधा ज्याच्या ताब्यात, पात्यांचा धंदा त्याच्या ताब्यात. १९३० साली प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीनीकरण झाले आणि सूत्रे त्या कंपनीच्या हेन्री गाइसमन यांच्याकडे गेली. मंदीच्या लाटेत जिलेट यांची बहुतेक संपत्तीही ओसरली. ९ जुलै १९३२ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

१९७१ पासून पात्यांऐवजी दोन पाती बसवलेली आयती डबी, म्हणजे कार्ट्रिज, मुठीवर सरकवण्याची पद्धत आली. प्रश्न मात्र तोच राहिला: घट्ट धरावे आणि सहज सोडावे.

मित्रहो, या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली ही, की कल्पना सुचणे हे पाते आहे आणि ती तडीस नेणारे सहकारी व परिश्रम ही मूठ आहे. एकावाचून दुसरे निरुपयोगी. दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. टाकून दिलेले पाते बोथट असले तरी कचरा वेचणाऱ्याचा हात कापतेच. वस्तू टाकण्याची सोय जिलेट यांनी जगाला दिली. ती जपून टाकण्याची जबाबदारी मात्र तुमची-आमची आहे. घरी पाते टाकताना ते जाड कागदात नीट गुंडाळून टाका. एवढे जरी तुम्ही केले, तरी हा लेख लिहिल्याचे आम्हाला समाधान वाटेल.