पापण्यांची राखण करणारा शल्यविशारद : सर हॅरॉल्ड गिलिज

झोपताना डोळा पूर्ण मिटत नाही, अशी तक्रार घेऊन रुग्ण येतो तेव्हा घरच्यांना बहुधा चेहरा कसा दिसतो याची काळजी असते. डॉक्टरांना काळजी असते ती नजरेची. पापणी दर उघडझापीला अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरवते. ती मिटली नाही, तर डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, कोरडा पडतो, त्यावर जखम होते आणि दृष्टीही जाऊ शकते. हे ओळखून भाजलेल्या, फाटलेल्या पापण्या पुन्हा घडवणाऱ्या डॉ. हॅरॉल्ड गिलिज यांच्याविषयी आज वाचूया.

कान-नाक-घशाचा डॉक्टर

गिलिज यांचा जन्म 17 जून 1882 रोजी न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे झाला. शिक्षण केंब्रिजला आणि लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात झाले. ते कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते आणि गोल्फ उत्तम खेळत. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये ते फ्रान्सला गेले. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांच्या चेहऱ्यावर गोळ्या आणि लोखंडाचे तुकडे बसत. जीव वाचे, पण नाक, जबडा, पापण्या उरत नसत. अशा जखमींसाठी वेगळा विभाग हवा, असा आग्रह गिलिज यांनी धरला. 1916 मध्ये ऑल्डरशॉटला तो विभाग सुरू झाला आणि 1917 मध्ये सिडकप येथे खास रुग्णालय उभे राहिले. तिथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर उपचार झाले.

पापणीसाठी त्वचा आणायची कुठून?

वॉल्टर यीओ हा नौसैनिक 1916 च्या जटलंडच्या लढाईत जखमी झाला. त्याच्या वरच्या आणि खालच्या पापण्या गेल्या होत्या. 1917 मध्ये गिलिज यांनी त्याच्या मानेखालची त्वचा उचलून डोळ्यांभोवती बसवली. ही त्वचा पूर्ण कापून काढत नाहीत. एका टोकाला देठासारखी जोडलेली ठेवतात, म्हणजे नव्या जागी रुजेपर्यंत तिला रक्त मिळत राहते. ही कल्पना नवी नव्हती. पुण्यात कपाळाच्या त्वचेने नाक दुरुस्त केल्याचा वृत्तांत 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला होता आणि त्यानंतर युरोपातही ती रीत पसरली. गिलिज यांनी त्यात भर घातली. त्यांनी त्या देठाच्या कडा शिवून त्याची बंद नळी केली. आतला उघडा भाग झाकला गेल्याने जंतुसंसर्ग कमी झाला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या युक्तीचे मोल कळते. यीओ पुढे नौदलाच्या सेवेत परतला.

भाजल्यावर व्रण आखडतो आणि पापणी बाहेरच्या बाजूला उलटते. त्यासाठी गिलिज यांनी डच शल्यविशारद एसर यांच्या पद्धतीत बदल केला. आखडलेली पापणी मोकळी करायची, पातळ त्वचा एका साच्यावर गुंडाळून जखमेत बसवायची आणि ती रुजली की साचा काढायचा. त्वचा नंतर आकसते, म्हणून सुरुवातीलाच ती गरजेपेक्षा थोडी जास्त घेतली जाई.

घाईची किंमत

रॅल्फ लमली या तरुण वैमानिकाचा चेहरा विमान अपघातात पूर्ण भाजला होता. फेब्रुवारी 1918 मध्ये गिलिज यांनी छातीची मोठी त्वचा उचलून जवळजवळ सगळा चेहरा एकाच वेळी झाकण्याचा प्रयत्न केला. त्वचा रुजली नाही, संसर्ग झाला आणि काही आठवड्यांत लमली गेला. हे काम टप्प्याटप्प्याने करायला हवे होते, हे गिलिज यांनी लपवले नाही. पुढे ते शिष्यांना हेच शिकवत राहिले, की जे उद्यावर टाकणे रुग्णाच्या हिताचे आहे, ते आज उरकू नये.

खोबणीचे हाड

गालाचे हाड डोळ्याच्या खोबणीची बाहेरची बाजू आणि तळाचा काही भाग घडवते. ते आत दबले तर एकाच्या दोन वस्तू दिसतात, गाल बधिर होतो. 1927 मध्ये गिलिज यांनी दोन सहकाऱ्यांसह एक पद्धत मांडली. कानशिलावर, केसांत लहान छेद घेऊन आतून पट्टी सरकवायची आणि हाड वर उचलायचे. चेहऱ्यावर व्रण दिसत नाही. ही पद्धत आजही वापरली जाते.

1930 मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धातही ते जखमींवर उपचार करत होते. ऑगस्ट 1960 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, एका मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया करत असतानाच त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. 10 सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

आपण काय लक्षात ठेवावे?

आज पापणी आणि खोबणीच्या शस्त्रक्रिया करणारे स्वतंत्र नेत्रतज्ज्ञ असतात. पापणीसाठी त्वचा बहुधा दुसऱ्या पापणीची किंवा कानामागची घेतात. तरीही काही वेळा दोन-तीन टप्पे लागतात. त्याचा अर्थ पहिली शस्त्रक्रिया फसली, असा नव्हे. पुढचा टप्पा कधी आणि तोवर डोळ्याची काळजी कशी घ्यायची, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

भाजल्यानंतर किंवा चेहऱ्याच्या पक्षाघातानंतर डोळा मिटत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोळा लाल झाला, दुखू लागला, अंधूक दिसू लागले किंवा मार लागल्यावर एकाचे दोन दिसू लागले, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. सांगितलेले थेंब आणि रात्रीचे मलम चुकवू नका. चेहऱ्याची डागडुजी काही महिन्यांनी करता येते, कोरड्या पडलेल्या डोळ्याला मात्र तेवढा वेळ नसतो.