विश्लेषण : टुंड्रा कार्बन शोषतो की सोडतो? अऱ्हेनिअस यांच्या हिशेबात काय राहून गेले?

उत्तर ध्रुवाभोवतीच्या टुंड्रा प्रदेशाने हजारो वर्षे हवेतील कार्बन जमिनीत साठवून ठेवला. आता तो साठा बाहेर पडू लागला आहे. हे का घडते, ते समजून घ्यायला एका स्वीडिश शास्त्रज्ञाची दोन गणिते पुरेशी आहेत. त्या दोन गणितांची गाठ टुंड्राच्या मातीत पडणार आहे, हे मात्र त्यांच्या हयातीत कळण्यासारखे नव्हते.

कोण होते स्वांते अऱ्हेनिअस?

१९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळच्या विक येथे त्यांचा जन्म झाला. वडील जमीन मोजणीचे काम करत. त्यांच्या हिशेबाच्या वह्या पाहून लहानग्या स्वांतेला आकडेमोडीची गोडी लागली. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण होतात, हा विचार त्यांनी १८८४ मध्ये पीएच.डी.च्या प्रबंधात मांडला. उप्साला विद्यापीठातील प्राध्यापकांना तो फारसा पटला नाही आणि प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. पुढे याच कामासाठी १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. नोबेल मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक ठरले.

त्यांचे पहिले गणित कोणते?

बारावीच्या रसायनशास्त्रात शिकवले जाणारे अऱ्हेनिअस समीकरण १८८९ चे. तापमान वाढले की रासायनिक अभिक्रिया किती वेगाने होते, हे ते सांगते. अभिक्रिया होण्यासाठी रेणूंकडे ठरावीक किमान ऊर्जा असावी लागते. तापमान थोडेसे वाढले, तरी ही मर्यादा ओलांडणाऱ्या रेणूंची संख्या बरीच वाढते. तापमान १० अंशांनी वाढले, तर अनेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. इडलीचे पीठ थंडीत आंबायला वेळ लागतो आणि मे महिन्यात ते झटपट फुगते, त्यामागेही तापमानाचा हाच परिणाम असतो.

दुसरे गणित कसे सुटले?

हिमयुगे का आली, हा त्या काळी वादाचा विषय होता. हवेतील कार्बन डायऑक्साईड कमी-जास्त झाल्याने पृथ्वीचे तापमान किती बदलेल, हे अऱ्हेनिअस यांनी १८९४ च्या नाताळात मोजायला घेतले. त्याच वर्षी झालेले लग्न लवकरच मोडकळीस आले. ते मात्र जवळपास वर्षभर हाताने आकडेमोड करत राहिले. चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेच्या अमेरिकी शास्त्रज्ञ लँगली यांच्या नोंदी त्यांनी आधाराला घेतल्या. एप्रिल १८९६ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. कार्बन डायऑक्साईड दुप्पट झाल्यास तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. आजचा अंदाज सुमारे ३ अंशांचा आहे. ध्रुवांकडील भागांत तापमान अधिक वाढेल, हेही या गणितातून निघाले.

आर्क्टिकशी त्यांचा संबंध काय?

त्याच उन्हाळ्यात ते आंद्रे यांच्या बलून मोहिमेत समुद्राचा अभ्यासक म्हणून स्पिट्सबर्गेनला गेले. अनुकूल वारा न मिळाल्याने मोहीम परत फिरली. पुढच्या वर्षी आंद्रे दोन साथीदारांसह उडाले आणि तिघेही दगावले. त्या वेळी अऱ्हेनिअस सोबत नव्हते. स्पिट्सबर्गेनची जमीन काही फुटांखाली बारमाही गोठलेली असते. अशा जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात.

हिशेबात काय राहिले?

ज्वालामुखी, खडकांची झीज, समुद्र आणि कोळसा यांतून कार्बन कसा फिरतो, याचा ताळेबंद त्यांचे सहकारी आर्विड होग्बोम यांनी मांडला होता. कोळसा जाळून हवेतील प्रमाण दुप्पट व्हायला हजारो वर्षे लागतील, असे अऱ्हेनिअस यांना वाटत होते. थंड देशांना ही ऊब लाभदायक ठरेल, असेही त्यांचे मत होते. गोठलेल्या मातीत किती कार्बन आहे, याची मोजदाद मात्र तेव्हा झालेलीच नव्हती.

टुंड्राचा जमाखर्च कसा चालतो?

उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत शेवाळ, गवत आणि खुरटी झुडपे कार्बन शोषतात. मातीतील सूक्ष्मजीव मेलेल्या वनस्पती कुजवून तो परत हवेत सोडतात. थंडीमुळे कुजणे मंद असते. म्हणून शिल्लक साचत गेली. पर्माफ्रॉस्ट प्रदेशांच्या मातीत आज अंदाजे १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट.

तापमान वाढल्यावर झुडपे जास्त वाढतात, म्हणजे जमा वाढते. पण बर्फ खोलवर वितळतो, सूक्ष्मजीवांना नवे खाद्य मिळते आणि पहिल्या गणितानुसार कुजण्याचा वेगही वाढतो. बाहेर पडलेला वायू दुसऱ्या गणितानुसार तापमान आणखी वाढवतो. पाणी साचलेल्या जागी ऑक्सिजन नसतो; तिथे अधिक घातक मिथेन तयार होतो.

आज नेमके काय दिसते?

जमिनीवर पेट्या ठेवून आणि मनोऱ्यांवर उपकरणे लावून ही देवाणघेवाण मोजली जाते. उत्तरेकडील पर्माफ्रॉस्ट प्रदेशातून हिवाळ्यात सुमारे १.७ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो आणि वाढीच्या हंगामात सुमारे १ अब्ज टन शोषला जातो, असा अंदाज २०१९ च्या एका अभ्यासात होता. वणव्यांतून निघणारा कार्बन धरला, तर टुंड्रा आता शोषक न राहता उत्सर्जक झाला आहे, असे अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात म्हटले आहे. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे.

याची काळजी का करायची?

कारखान्याचे धुराडे बंद करता येते, वितळणारी जमीन बंद करता येत नाही. टुंड्रातून जितका कार्बन निघेल, तितकी माणसाच्या उत्सर्जनाला उरलेली मुभा कमी होईल. अऱ्हेनिअस यांचे निधन २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये झाले. त्यांनी निबंध लिहिला तेव्हा हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साईडचे सुमारे २९५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत.