हाफकिनसाहेब : एका पेशीच्या प्राण्यापासून प्लेगच्या लशीपर्यंत

ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो, त्याचे नाव परळच्या मोठ्या संस्थेमुळे मुंबई इलाख्यात घरोघर माहीत झाले. परंतु ते नाव धारण करणारा मनुष्य कोण, कोठला, आणि त्याने आपल्या लोकांसाठी काय सोसले, हे सांगणारे थोडेच. महापे, घणसोली व उरण या बाजूच्या आमच्या मंडळ्यांस तर हा वृत्तांत विशेष जवळचा वाटावा. पारसिकच्या डोंगराखालून खाडी ओलांडली की मुंबई. तेथे मरी उद्भवली तेव्हा हजारो माणसे शहर सोडून बाहेर पळाली, आणि त्यांच्यामागून मरीही बाहेर पडली.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियन बादशहाच्या अंमलाखाली होते. १८७९ साली ते तेथील विद्यापीठात गेले. तेथे प्राणिशास्त्राचे गुरू मेच्निकॉफ यांची त्यांच्यावर मर्जी बसली. त्या काळी यहूदी लोकांवर वारंवार हल्ले होत. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी हाफकिन पुढे झाले, व त्यांस अटकही सोसावी लागली. पुढे त्यांच्या विद्येस योग्य अशी जागा देऊ करण्यात आली. तीस अट एकच होती, की त्यांनी आपला धर्म सोडून राजाच्या पंथाचा बाप्तिस्मा घ्यावा. त्यांनी ती जागा नाकारली. आमचा व त्यांचा विश्वास एक नव्हे. तथापि पोटासाठी धर्म बदलला असा टोमणा ज्या आमच्या बांधवांस गावोगाव ऐकावा लागतो, त्यांस या नकाराची किंमत चांगली कळेल. नोकरीकरिता घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, हे त्या यहूदी तरुणास ठाऊक होते.

ओडेसा येथील संग्रहालयात त्यांनी पुष्कळ वर्षे सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसून काढली. ते पाहत काय असत, हे समजल्यावाचून त्यांचे पुढील काम समजणार नाही. म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे.

तळ्याचे किंवा भाताच्या खाचरात साचलेले पाणी थेंबभर घेऊन यंत्राखाली धरले असता त्यात अनेक जीव पोहताना दिसतात. त्यांपैकी एकाचा आकार चपलेच्या तळव्यासारखा असतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढी. या प्राण्यास हात, पाय, पोट, फुप्फुस यांपैकी काहीही नाही. त्याचे सर्व शरीर म्हणजे एकच पेशी होय. तरी तो जगतो. अंगावरील बारीक केसांनी वल्हवीत तो पुढे जातो. कुशीवर एक खोलगट चर असतो, त्यातून भक्ष्य आत शिरते व लहानशा पुटकुळीत पचते. आत शिरलेले जादा पाणी दुसऱ्या पुटकुळ्या भरून घेतात व आकुंचन पावून बाहेर फेकतात. मध्ये केंद्रक असते. त्यात त्या जिवाच्या सर्व घडणीचा आराखडा साठविलेला असतो. या प्राण्यात तर एक मोठे व एक लहान अशी दोन प्रकारची केंद्रके असतात. वेळ आली म्हणजे तो मध्यभागी आवळला जातो, आणि एकाचे दोन होतात.

मनुष्याचे शरीरही अशाच पेशींचे बनले आहे. भेद इतकाच की तेथे त्यांची संख्या सुमारे तीस लक्ष कोटी आहे, आणि त्यांनी कामे वाटून घेतली आहेत. प्रत्येकीस एक पातळ आवरण असते. ते पाहिजे ते आत घेते व नको ते बाहेर ठेवते. आत दाट रसासारखे जीवद्रव्य असते. त्यातील तंतुकणिका नावाचे कण श्वासातून आलेल्या प्राणवायूच्या साह्याने अन्न जाळतात, व त्यापासून पेशीस कामाची शक्ती मिळते. केंद्रकातील आराखड्याप्रमाणे दुसरे कण प्रथिने घडवितात. आपण भाकरी खातो व श्वास घेतो तो अखेरीस या पेशींसाठीच. स्नायूची पेशी ओढण्याचे काम करते, मज्जेची पेशी निरोप पोहोचविते, आणि रक्तातील पांढरी पेशी पहारा करते.

ही पहाऱ्याची गोष्ट हाफकिन यांच्या गुरूंनीच शोधून काढली. १८८२ साली मेच्निकॉफ यांनी ताराकृती सागरी प्राण्याच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो फिरत्या पेशींनी त्या काट्याभोवती गर्दी केलेली! तळ्यातील एकपेशीय जीव ज्या रीतीने भक्ष्यास वेढून गिळतो, त्याच रीतीने आमच्या रक्तातील पेशी शत्रूस गिळतात, असे त्यांनी दाखविले. या शोधाबद्दल १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

१८८८ साली हाफकिन यांनी स्वदेश सोडला. काही काळ जिनेव्हा येथे राहून ते पॅरिस येथील पाश्चर संस्थेत गेले. तेथे रिकामी असलेली जागा ग्रंथपालाच्या साहाय्यकाची होती. त्यांनी तीच पत्करली. दिवसा पुस्तके लावावी आणि उरलेल्या वेळी यंत्रापुढे बसावे, असा त्यांचा क्रम चालला. १८९० साली त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. त्या चपलेच्या आकाराच्या प्राण्यासही साथीचा रोग होतो. त्याहून कितीतरी लहान असे जंतू त्याच्या शरीरात शिरून थेट केंद्रकात बिऱ्हाड करितात. काही जातीचे जंतू मोठ्या केंद्रकात, तर काही लहान केंद्रकात वाढतात. असा जंतूही एक पेशीच होय. परंतु तीत वेगळे केंद्रक नसते. तिचा आराखडा जीवद्रव्यातच पडलेला असतो.

येथून त्यांचे लक्ष मनुष्यांच्या साथींकडे वळले. पटकीच्या जंतूंपासून त्यांनी लस तयार केली, आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ साली ते कलकत्त्यास उतरले. लोकांस भय वाटे, आणि काही ठिकाणी त्यांच्यावर दगडही आले. तेव्हा ते आधी आपल्या बरोबरच्या माणसांस सर्वांदेखत लस टोचीत. अशा रीतीने दोनअडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांस त्यांनी लस टोचली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांस मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व एक पडवी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभिले.

त्यांची रीत अशी होती. मांसाचा रस पात्रांत भरून त्यावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूस चिकटून वाढत, आणि जंतूंच्या बारीक लोंबत्या दोऱ्या रसात उतरत. पात्र हलविले की त्या तळाशी पडत, व वर नव्या लोंबू लागत. काही आठवड्यांनी तो रस सुमारे ६५ अंश उष्णतेवर तासभर तापवीत, म्हणजे जंतू मरत. मेलेली पेशी दुभागू शकत नाही, म्हणून ती रोग आणू शकत नाही. परंतु तिच्या आवरणाची खूण शिल्लक राहते. शरीरातील पांढऱ्या पेशी ती खूण ओळखून ठेवितात, आणि पुढे तोच जंतू जिवंत आला असता त्यास जलद गाठतात. लशीचे मर्म हेच आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस भर मात्रेने स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले. पण ते आपल्या कामावर राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी खुषीने लस घेतली. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ आजारी पडून ६ मेले. घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, आणि मेला कोणीच नाही. पुढे उरण, लोणावळे, हुबळी, धारवाड अशा ठिकाणी टोचणी झाली. लस पूर्ण संरक्षण देत नसे, हे हाफकिन लपवीत नसत. परंतु रोग व मृत्यू ती पुष्कळ कमी करी. १० ऑगस्ट १८९९ रोजी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात सुरू झाली.

आता कसोटीचा प्रसंग आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशी बसली. परळच्या प्रयोगशाळेतच लस बिघडली असा ठपका आला, आणि हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. पाच वर्षे हे किटाळ त्यांच्यावर राहिले.

खरे काय घडले होते? धनुर्वाताचा जंतू मातीत व शेणात राहतो. प्रतिकूल काळी ही पेशी स्वतःभोवती टणक कवच घेऊन निजून राहते, आणि हवा न लागणाऱ्या जखमेत पुन्हा जागी होते. त्या दिवशी बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करिताच वापरला गेला, असे चौकशीत निघाले होते. प्रयोगशाळेतच जंतू शिरले असते, तर त्या काही आठवड्यांत बाटलीस दुर्गंधी सुटली असती. उघडताना तशी काहीही आढळली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखविणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ साली वर्तमानपत्रातून न्यायाची मागणी केली, आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले.

ते हिंदुस्थानात परत आले. परंतु त्यांस परळची जागा मिळाली नाही. कलकत्त्यास काम करून १९१५ साली त्यांनी हा देश सोडला. ते अविवाहित होते. आपल्या धर्माचे नियम पाळीत ते साधेपणाने राहिले, आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील यहूदी मुलांच्या धर्मशिक्षणासाठी लावून दिली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे प्लेगवर गुणकारी औषधे निघाली, व जुनी लस मागे पडली; परंतु मेलेल्या जंतूंनी जिवंत माणसे राखण्याची ही रीत आजही अनेक लशींत चालू आहे.

आमच्या उपदेशक बंधूंस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही की, मुलकोवालच्या अपघातानंतर टोचणीविषयी भय पसरले, आणि ज्यांस तिची अत्यंत गरज होती असे कित्येक तिच्यापासून दूर राहिले. आजही वाड्यावस्त्यांवर लशीविषयी नाना अफवा उठतात. अशा वेळी लोकांस हसू नये, व दरडावूही नये; लस म्हणजे काय, पेशी म्हणजे काय, हे शांतपणे समजावून सांगावे, आणि आपल्या लेकरांस प्रथम टोचून घ्यावे. हाफकिनसाहेबांनीही लोकांपुढे आधी आपलाच दंड केला होता. दुसरी गोष्ट स्वच्छतेची. एक चिमटा धुळीत पडला, तेवढ्याने १९ घरांत रडे झाले. जखमेस माती किंवा शेण लावण्याची चाल जेथे अद्याप असेल, तेथे ती मोडावी. बाळाची नाळ स्वच्छ पात्यानेच कापली जावी. व जखम झाली की धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखाना गाठावा. डोळ्यांस न दिसणारी ती पेशी मातीत निजलेली असते. तीस जागे होण्यास वाव न देणे हे आपल्या हाती आहे.