सायकलवाले लक्ष्मणराव

किर्लोस्कर हे नाव घेतलं की आमच्या गेवराईकडे विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर येते. पण या नावाची सुरुवात एका सायकलच्या दुकानातून झाली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. कळलं ते आमच्या विंगमधल्या एका वादामुळे.

झालं असं, की आमचा एक मित्र रोड रेसिंग करतो. आपण पहाटे साखरझोपेत असतो तेव्हा हा पठ्ठ्या गेवराईहून बीडच्या दिशेने हायवेला लागलेला असतो. यंदा त्याला चांगली फ्रेम घ्यायची होती. शोधून शोधून दोन सापडल्या. दोन्ही सेकंडहँड, पण दोन्ही एकदम टॉपच्या. एक कार्बनची, दुसरी टायटॅनियमची. पैसे वडिलांनी कापूस विकून दिलेले, म्हणजे निवड चुकली तर परत मागायची सोय नाही. मग काय, रोज रात्री मेस झाली की त्याच्या रूमवर परिषद! कोणी वजन सांगतंय, कोणी स्टिफनेस, कोणी वेल्डिंग. निकाल काही लागेना. असंच एकदा लायब्ररीत सायकलीवर काही मिळतंय का ते शोधताना लक्ष्मणराव किर्लोस्कर भेटले आणि मी फ्रेम विसरून त्यांच्यातच अडकलो.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्यांचं वातावरण आणि या पोराला नाद चित्रांचा अन् यंत्रांचा! शाळेत मन रमेना. चित्रकार व्हायचं म्हणून 1885 मध्ये त्यांनी मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठलं. त्या काळी अशा घरातल्या मुलानं चित्रं काढायला मुंबईला जाणं म्हणजे केवढी गोष्ट! पाठीशी उभे राहिले ते थोरले भाऊ रामूअण्णा.

दोन वर्षं झाली आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. थोडक्यात, रंगांधळेपणा. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? पण रंग गेले तरी रेषा हातात होती. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग पकडलं आणि त्यात इतका हात बसवला, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याच विषयाचे सहायक शिक्षक झाले. हीच आजची व्हीजेटीआय! पगार महिना 45 रुपये. (पहिल्या वर्षी शीट रिपीट करताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) फावल्या वेळात ते कारखान्यांत जाऊन यंत्रांवर काम करायचे. पुस्तकातलं यंत्र आणि हाताला लागलेलं ग्रीस, दोन्ही त्यांनी सोबतच मिळवलं.

याच मुंबईत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सायकल चालवताना पाहिलं आणि डोक्यात चक्रं फिरू लागली. 1888 मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. नाव ठेवलं किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे. किंमत 700 ते 1000 रुपये! आता 45 रुपये पगाराने भागून बघा. एक सायकल म्हणजे मास्तरांचा सोळा ते बावीस महिन्यांचा पगार. आपल्याला वाटतं महागड्या सायकली आत्ताच निघाल्या.

पण यातली खरी गंमत पुढे आहे. नुसती सायकल विकून ते थांबत नसत. ती चालवायलाही शिकवत आणि त्याचे 15 रुपये घेत. विचार करा, गिऱ्हाईकाला शिकवायचं तर त्याची उंची, त्याचा तोल, त्याची भीती हे सगळं जवळून बघावं लागतं. वस्तू कुणाच्या हातात जाणार आहे ते आधी बघायचं, हा धडा दुकानातच मिळाला असणार, असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा कुठे आल्या फ्रेम आणि त्यांची निवड? तर ऐका. ज्या काळात हे दुकान निघालं, त्याच काळात जगभरच्या सायकलवाल्यांसमोर दोन फ्रेमचा प्रश्न उभा होता. एक जुनी, पुढे माणसाएवढं प्रचंड चाक आणि मागे चिमुकलं. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला, त्यामुळे चाक जेवढं मोठं तेवढा वेग जास्त. चाकाला मर्यादा फक्त स्वाराच्या पायाच्या लांबीची. रेसवाल्यांना हीच प्यारी, मग तोंडावर आपटलं तरी चालेल. दुसरी म्हणजे इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्लीने 1885 मध्ये आणलेली रोव्हर. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि साखळीने मागचं चाक फिरवायचं. वेग आता चाकाच्या आकारावर नाही, तर दातांच्या गुणोत्तरावर! पण भरीव रबरी टायरमुळे लहान चाकं हादरे फार द्यायची, म्हणून पट्टीचे स्वार तिला नाकं मुरडत. 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. 1889 मध्ये बेलफास्टला विली ह्यूमने त्याच टायरवर शर्यती जिंकल्या. पुढच्या काही वर्षांत उंच चाक बाजारातून गेलं. आज हायवेवर जी डायमंड फ्रेम पळते ती त्या धाकट्या सायकलीचीच नात. सगळ्यात वेगवान म्हणून जी निवडली जात होती, तीच हरली!

असो. इकडे लक्ष्मणरावांच्या नोकरीत एक प्रसंग आला. हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली. पुढे दोन रस्ते होते. मान खाली घालून पगार घ्यायचा, नाहीतर बाहेर पडायचं. घरसंसार असलेल्या माणसाला दुसरा रस्ता सोपा नसतो. ते बाहेर पडले आणि बेळगावला आले.

सायकलीच्या धंद्याबरोबर छोटं वर्कशॉप सुरू झालं. आधी कडबा कापायची यंत्रं केली, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. (अमेरिकेत राइट बंधूही सायकलवालेच. त्यांचं दुकान 1892 चं आणि विमान उडालं ते 1903 मध्येच!) पण नांगर उचलेना कोणी. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. नांगर तयार, पैसा अडकलेला आणि गिऱ्हाईक नाही. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. मित्रांनो, दोन वर्षं म्हणजे आपली चार सेमिस्टर! एका सेमिस्टरला केटी लागली तर आपण बॅग भरतो.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून दिलं नाही. सायकल विकताना जे केलं तेच पुन्हा केलं, वापरणाऱ्याजवळ गेले. काळ्या रानात हराळी-कुंदा उपटायचा तर खोल नांगरट लागते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. एकदा शिवारात नांगर चाललेला दिसला की भाषणाची गरज उरली नाही.

जरा बरे दिवस येतात तोच बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. उठा इथून! मांडलेला डाव मोडायची वेळ. तेव्हा धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार. रंगांनी ज्याला दगा दिला, त्याला एका चित्रकारानेच हात दिला म्हणायचं! त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली, 10,000 रुपये कर्ज दिलं. 1910 मध्ये थोड्या कामगारांसह आणि त्यांच्या बायकापोरांसह लक्ष्मणराव तिथे उतरले. नजर जाईल तिथे निवडुंग आणि साप. तिथेच किर्लोस्करवाडी वसली, आजच्या सांगली जिल्ह्यात. या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता, आणि तो काळ लक्षात घ्या! एवढंच नाही, तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीचं काम दिलं. माणसाची निवडही ते बाहेरचा रंग बघून करत नसत.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल यायचा थांबला आणि देशी नांगराला मागणी वाढली. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर निघालं, ज्याचं पुढे किर्लोस्कर मासिक झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आला. मग पंप, इंजिनं, मशीन टूल्स. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. आणि बेळगावात जिथे सायकलचं दुकान होतं, तो रस्ता किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

हे सगळं मी एका रात्री रूमवर सांगितलं. ग्रॅमचा हिशोब करणारे जरा गप्प झाले. मग प्रश्न वेगळे पडू लागले. कार्बन हलका आणि कडक आहेच, पण जुन्या कार्बनला कुठे मार बसला असेल तर आतले थर सुटलेले बाहेरून दिसत नाहीत. ते तपासणार कोण? टायटॅनियम थोडं जड, पण गंजत नाही आणि पडझडीला दाद देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्हींपैकी आपल्या गड्याच्या मापाची कोणती? गंमत म्हणजे इतक्या रात्री जागून त्याच्या पायाचं आणि हाताचं माप कुणी घेतलंच नव्हतं! टेप आणली, मापं घेतली. कार्बनची फ्रेम त्याला लांब पडत होती. तीनशे ग्रॅम वाचवून कंबर धरली तर काय उपयोग?

त्याने टायटॅनियमची घेतली. वडिलांना फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की ही टिकेल ना. शेतकऱ्याचा प्रश्न! नांगर घेतानाही हाच असणार. उद्या तुमच्या-माझ्यासमोर अशाच दोन गोष्टी येतील, दोन नोकऱ्या, दोन प्रोजेक्ट, नाहीतर दोन गावं. तेव्हा कॅटलॉग जरूर वाचा, पण आधी टेप काढा.

बाकी, पहाटे हायवेवर राखाडी रंगाची सायकल सुसाट जाताना दिसली, तर हात करा. आपलाच गडी आहे!